हाक न मारण्याचा नियम

धंतोली, नागपूर
९ जानेवारी १९४३

पुष्पलता,

आशीर्वाद शेवटी देईन. हे पत्र आधी जेलचे साहेब वाचतात आणि मग तुझ्या हाती पडतं, तेव्हा सुरुवातीलाच त्यांनाही आशीर्वाद द्यायची माझी इच्छा नाही.

तुझं बालमंदिर चालू आहे. ऑगस्टात पोलिसांच्या गाडीत चढताना तू मला म्हणालीस, "मावशी, मुलांना घरी पाठवू नकोस." मला वाटलं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. पाच महिने झाले. पस्तीस वर्षं मुलींच्या शाळा चालवून मी निवृत्त झाले ती काही महाल पेठेतल्या दोन खोल्यांत बावीस चिल्लीपिल्ली चटया गुंडाळताना बघायला नव्हे. चटई अंथरायची, तिच्यावर बसून काम करायचं, पुन्हा चटई गुंडाळायची. परवा एक वकीलीणबाई विचारायला आल्या की पोरांना बाराखडी केव्हा शिकवणार. मी सांगितलं, आधी तुमच्या चिरंजीवांना नाक पुसता येऊ द्या. त्या रागावल्या, पण चिरंजीव दुसऱ्या दिवशी रुमाल घेऊन आले.

तुझी वही मी रोज उघडते. तू मद्रासच्या कोर्सात काय काय लिहून घेतलं आहेस, त्यातलं निम्मं मला पटत नाही, तरी मी पाळते. मुलाला लांबून हाक मारायची नाही. त्याच्याजवळ जायचं, गुडघ्यांवर बसायचं, खांद्याला हात लावायचा आणि मग हळू बोलायचं. हा नियम ज्यांनी काढला त्यांचे गुडघे माझ्या वयाचे नसावेत.

आता गोपिका. दिवाळीतल्या तापाचं मी कळवलं होतंच. अकरा दिवस होता. उतरला. पोर हडकली आहे, चालताना मधूनच झोक जातो. तेवढं भरून येईल. पण तुला एक गोष्ट सांगते, ती ऐकून तुझी छाती फुगेल. पूर्वी तुझ्या मुलीचं तोंड क्षणभर बंद नसे. आता ती लाकडी दट्ट्यांची पेटी घेऊन तास तासभर बसते. दहा भोकं, दहा दट्टे, काढते, घालते, पुन्हा काढते. बाजूला दोन पोरं भांडत असली तरी मान वळवत नाही. शांततेच्या खेळात तर तिच्या तोडीचं कुणी नाही. आम्हाला कॉन्व्हेंटात असं बसवायला नन्सना हातात रूळ घ्यावा लागे. तुझ्या मॉन्टेसरी पद्धतीत काहीतरी असावं, हे मी पहिल्यांदा आणि शेवटचं लिहिते आहे.

एक सबइन्स्पेक्टर घरी येऊन गेला. यापुढे चळवळीत भाग घेणार नाही अशा कागदावर तू सही केलीस तर आठ दिवसांत सुटशील, मावशी म्हणून मी तुझी समजूत घालावी, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, मी सरकारची पेन्शन खाते, सरकारची अक्कल खात नाही. तुमची चळवळ मला पटत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण तुझी सही मला त्याहून पटणार नाही.

पंचफुला बरी आहे. मुलांचे हातपाय धुणं, फराळ, झाडलोट सगळं करते. दिवसभर बोलते. तिच्यासाठी तुझ्या वहीत काही नियम नाही, हे दुर्दैव.

अनेक आशीर्वाद.
अरुंधतीमावशी

*

सेंट्रल जेल, जबलपूर
२७ जानेवारी १९४३

मावशी,

नमस्कार. एकच पान मिळतं म्हणून बारीक लिहिते. तुझ्या पत्रातल्या सबइन्स्पेक्टरच्या ओळींवर शाई फासली होती, पण तो कागद इथेही दर महिन्याला समोर येतो, त्यामुळे अंदाज आला. मी तो सही न करता परत देते.

गोपिकेचं वाचून दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. दुःखाने नव्हे. मद्रासच्या आमच्या बाई सांगत, मूल असं कामात बुडालं की मोठ्यांनी श्वाससुद्धा जपून घ्यावा. तिचे वडील गेले तेव्हा ती तीन वर्षांची नव्हती, आता मीही नाही. ती चिडेल, रडेल, अंथरूण ओलं करेल, अशी मी मनाची तयारी केली होती. ती स्थिर झाली. मला इथे येऊन काही गमावल्यासारखं वाटत होतं, ते जरा कमी झालं.

तिला मधे उठवू नकोस. जेवणाची वेळ झाली तरी थांब. हातातलं काम कुणी काढून घेऊ नये.

माझी आठवण काढते का, हे विचारणार नव्हते. विचारते.

पुष्पलता

*

धंतोली, नागपूर
१४ फेब्रुवारी १९४३

पुष्पलता,

आठवण काढते की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण ती माझ्याजवळ बोलत नाही. माझ्याजवळ कुणीच मूल फार बोलत नाही, त्यात नवल नाही. जेवते, झोपते, माझ्या बोटाला धरून टांग्यात बसते आणि महालापर्यंत रस्ता बघते. घरात मी तिच्यावर आवाज चढवत नाही. तिला हाक मारायची वेळच येत नाही. वेळेला ती जागेवर असते.

सांगण्यासारखी गोष्ट ही की गुरुवारी एक शाळा-तपासनीस आले होते. मी नोकरीत होते तेव्हा हे गृहस्थ माझ्या हाताखाली कारकून होते, त्यामुळे फार वाकून बोलले. सगळी मुलं कामात होती. तेवढ्यात पंचफुलाच्या हातून पितळेचं घंगाळ फरशीवर पडलं. असा आवाज झाला की तपासनीसांच्या हातची टोपी पडली. एकवीस मुलं उठून दाराशी धावली. गोपिका दट्ट्यांच्या पेटीवरून नजर न काढता बसून होती. तपासनीस म्हणाले, बाई, हे कसं साधलंत? मी म्हटलं, हे साधायला घरात वळण लागतं.

पंचफुलाला आमचं कौतुक झेपत नाही. संध्याकाळी माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, हाक देल्ली तरी पोरगी पाहत नाही जी. असं काहून?" मी तिला सांगितलं की हाक मारली की धावत येतात ती कुत्री, शिस्तीची मुलं नव्हेत. तिने केरसुणी उचलली. मग म्हणाली, तुमाले समजते बाई. हे ती ज्या स्वरात म्हणाली तो मला आवडला नाही.

शांततेच्या खेळाबद्दल कबुली देते. तुझ्या वहीत लिहिलं आहे की मुलांनी डोळे मिटून बसायचं आणि बाईंनी मागच्या खोलीतून एकेकाचं नाव कुजबुजायचं, ज्याचं नाव ऐकू येईल त्याने पाय न वाजवता उठून यायचं. हा कुजबुजण्याचा भाग मी गाळला आहे. बावीस नावं कुजबुजण्यात अर्धा तास जातो. मी नुसतं बसवते. जास्त वेळ गोपिकाच बसते.

आशीर्वाद.
अरुंधतीमावशी

*

सेंट्रल जेल, जबलपूर
३ मार्च १९४३

मावशी,

एक काम कर. दुसरं काही नको.

कुजबुज गाळू नकोस. खेळ पूर्ण खेळ. मुलांची पाठ तुझ्याकडे असू दे, खिडक्या लावून घे आणि मागच्या खोलीतून नावं घे. गोपिकेचं नाव सगळ्यांत शेवटी घे. बाकीची उठून गेल्यावर ती एकटी राहील, तेव्हा. ती उठते का, एवढंच मला कळव.

घंगाळाचं तू लिहिलंस ते मी पुष्कळदा वाचलं.

इथे कागद पुन्हा आला आहे. यावेळी मी तो परत दिलेला नाही. माझ्या उशाखाली आहे.

पुष्पलता

*

धंतोली, नागपूर
२२ मार्च १९४३

पुष्पलता,

उशीर झाला. मला पडसं होतं. शिवाय बालमंदिराच्या मागची भिंत खचली आणि घरमालकाशी भांडण्यात आठवडा गेला. त्याचं म्हणणं, मुलं भिंतीला टेकतात म्हणून ती खचली. मी विचारलं, तुमच्या आजोबांनी भिंत बांधली होती की पापड लाटला होता? मग गवंडी आला.

उन्हं वाढली आहेत. शाळा सकाळची केली. मुलांच्या चटया पंचफुला रोज पाणी शिंपडून ठेवते. देवराव डॉक्टर दोनदा चहाला येऊन गेले, तुझी चौकशी करत होते. वकीलीणबाईंच्या चिरंजीवांना आता गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा न पाडता रचता येतो आणि त्यांच्या मातोश्रींनी हे सगळ्या महालाला सांगितलं आहे. लोक मला रस्त्यात थांबवून तुझं विचारतात. काल बाजारात एका अनोळखी बाईंनी माझ्या हातातली भाजीची पिशवी घेतली आणि टांग्यापर्यंत आणून दिली. तुमच्या भाचीने सही केली नाही ना, म्हणाल्या. मी म्हटलं, नाही.

तू विचारलं होतंस. होय, उठली.

तेव्हा मनात काही ठेवू नकोस. प्रकृतीला जप.

अरुंधतीमावशी

*

सेंट्रल जेल, जबलपूर
१० एप्रिल १९४३

मावशी,

तुझं पत्र सहा तारखेला मिळालं. "उठली" हा शब्द मी आमच्या बराकीतल्या सगळ्यांना वाचून दाखवला. त्यांना त्यात काय आहे ते कळलं नाही, तरी त्यांनी माझ्या वाटणीचं सूत कातून दिलं आणि मला दुपारभर झोपू दिलं.

सात तारखेला मी तो कागद परत केला. कोरा. मेट्रन म्हणाली, या वेळी फार दिवस ठेवलात, आम्हाला वाटलं तुम्ही जाणार. मीही तेच समजत होते.

आता पत्रं महिन्याला एकच मिळणार असं म्हणतात. एका बाईने कुणाला तरी काहीतरी लिहिलं म्हणून. मला चालेल. मला जे हवं होतं ते कळलं आहे.

गोपिकेला खरखरीत कागदाच्या अक्षरांची पेटी आता देऊन बघ. अक्षरावरून बोट फिरवायचं आणि त्याच वेळी त्याचा उच्चार तिच्या कानात सांगायचा.

पुष्पलता

*

धंतोली, नागपूर
२ जून १९४३

पुष्पलता,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. यात मला कसं वाटलं ते नाही. काय झालं ते आहे.

अकरा मार्चला मी तुझ्या सांगण्याप्रमाणे खेळ घेतला. खिडक्या लावल्या. मागच्या खोलीत उभी राहून एकेक नाव कुजबुजले. मुलं चवड्यांवर चालत एकेक करून आली. ती इतकी छान येतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं. शेवटी गोपिका एकटी चटईवर राहिली. डोळे मिटलेले, पाठ ताठ. मी तिचं नाव कुजबुजले. मग नेहमीच्या आवाजात म्हटलं. मग तिच्यामागे जाऊन ओरडले. बाकीची मुलं दचकली. मी तिच्या डोक्यामागे टाळी वाजवली. ती तशीच बसून होती. मी पुढे जाऊन बघितलं तर तिच्या चेहऱ्यावर मी आता शाबासकी देणार अशी खात्री होती. मी तिच्या खांद्याला हात लावला आणि तिला शाबासकी दिली.

देवराव डॉक्टरांनी दोनदा तपासलं. चहाला नव्हे, त्यासाठीच ते आले होते. दिवाळीतला ताप मेंदूपर्यंत गेला होता. दोन्ही कान गेले. चालताना झोक जातो तोही त्याचाच. ऐकू परत येणार नाही. मेयो हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

म्हणजे मी तुला जानेवारीत जी शिस्त कळवली ती शिस्त नव्हती. मी आणि तू दोघी तिचं कौतुक करत होतो तेव्हा तिला काही ऐकू येत नव्हतं. आणि तुझ्या नियमाप्रमाणे तिला कुणी हाक मारत नव्हतं, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता. पंचफुलाला कळलं होतं. तिला मी काय सांगितलं ते तुला मी गमतीने लिहिलं होतं.

"उठली" हे मी खोटं लिहिलं. विचार करून लिहिलं. तो कागद तुझ्या उशाखाली आहे हे मला माहीत होतं. मला वाटलं, खरं लिहिलं तर तू सही करशील, आणि तुझ्या सहीने पोरीचे कान थोडेच परत येणार? मग ते तुझं नाक का कापावं? असं मी तुझ्या वतीने ठरवलं. हेही खरं की बाजारात लोक माझी पिशवी उचलत होते. ते मला आवडत होतं. आयुष्यभर लोक मला भ्यायले होते. पिशवी कुणी उचलली नव्हती.

आता का सांगते तेही लिहिते. डॉक्टरांनी मला मार्चमध्येच आणखी एक गोष्ट सांगितली होती. ज्या मुलाचं ऐकणं या वयात जातं, त्याचं बोलणंही हळूहळू जातं. स्वतःचा आवाज कानावर पडत नाही, म्हणून शब्द झिजतात. वर्ष-दीड वर्षात मूल मुकं होतं. अशा मुलासमोर शिकवण्याचं शिक्षण असलेलं माणूस रोज बसलं, प्रत्येक शब्द त्याच्याकडून म्हणवून घेतला, अक्षराला जोडून दिला, तर बोलणं टिकतं. मला वाटलं, मी बसेन. मी बसले. तीन महिने रोज बसले. मला हे येत नाही. मी समोर बसले की ती तोंड मिटून, पाठ ताठ करून बसते. तिला वाटतं हाच खेळ आहे.

"पाणी" अजून कळतं. "चटई"मधला ट मऊ पडला आहे. परवा तिला सीताफळाच्या झाडाकडे जायचं होतं, तर तिने झाडाचं नाव न घेता बोट दाखवलं. तो शब्द गेला की काय मला माहीत नाही.

मी सही कर म्हणत नाही आणि करू नको असंही म्हणत नाही. ते आता माझ्या तोंडी शोभत नाही.

अरुंधती

*

सेंट्रल जेल, जबलपूर
१९ जून १९४३

मावशी,

काल सही केली. तीन ओळींचा मजकूर असतो. खाली नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, तारीख. मेट्रनने दौत धरली.

तू अकरा मार्चला कळवलं असतंस तरी मी हीच सही केली असती. फक्त तारीख वेगळी पडली असती. त्या दोन तारखांच्या मधे गोपिकेचे जे शब्द गेले असतील ते गेले. बराकीत कुणी माझ्याशी वाईट बोललं नाही. चांगलंही बोललं नाही. सूत ज्याचं त्याने कातलं.

मूल आपल्या हाताने करू शकतं ते मोठ्यांनी त्याच्यासाठी करू नये, हे मी वहीत पहिल्या पानावर लिहिलं होतं. मोठ्या माणसांबद्दल वेगळं लिहायला हवं, असं मला सुचलं नाही.

शुक्रवारच्या गाडीने येते. स्टेशनवर येऊ नकोस. पंचफुलाने गोपिकेला आणलं तर बरं होईल.

पुष्पलता

*

गिरगाव, मुंबई
३० ऑगस्ट १९४३

मावशी,

नागपुरात मी तुझ्या घरी सोळा दिवस होते. त्या दिवसांत तुझ्याशी जे बोलायचं होतं ते मी बोलले नाही आणि पुढेही बोलेन असं वाटत नाही. म्हणून हे पत्र फक्त कामाचं आहे.

इथल्या मुक्याबहिऱ्या मुलांच्या शाळेत गोपिकेला घेतलं. एका ओळखीच्या घरी खोली मिळाली आहे. दर सोमवारी मला पोलीस ठाण्यात जाऊन हजेरी द्यावी लागते, त्या दिवशी घरच्या बाई तिला सांभाळतात. त्या भल्या आहेत. त्यांना तिचं बोलणं कळत नाही. मलाही पुष्कळदा कळत नाही. दहा महिने मी तिच्याजवळ नव्हते, त्या दहा महिन्यांत ती काय बोलायला लागली आणि काय सोडलं हे मला ठाऊक नाही. ती एखादा आवाज काढते आणि माझ्याकडे बघत राहते. मी ओळखलं नाही की एकदा पुन्हा काढते. मग सोडून देते. एकदा सोडलेला आवाज ती पुन्हा काढत नाही.

शाळेच्या बाई म्हणाल्या की नवे शब्द नंतर. आधी मुलीजवळ होते ते सगळे लिहून आणा. कुठे शिकली, कुणाला म्हणायची, कशासाठी म्हणायची, सगळं. ते शब्द आधी पकडायचे, कारण तेच आधी जातात. या दिवाळीपर्यंत धरले तर राहतील, असं त्या म्हणाल्या. जास्त आशा दाखवली नाही.

त्यांनी आणखी एक विचारलं. गोपिका समोरचं माणूस बोलायला लागलं की त्याच्या गळ्यावर तळवा ठेवते. ही इथली शिकवण्याची रीत आहे, मुलांना ती लावायला महिने जातात. हिला हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, मला माहीत नाही.

तेव्हा ऑगस्टपासून जूनपर्यंत ती जे जे बोलली ते तू लिहून पाठव. तू तिच्याबरोबर होतीस. बाकी काही लिहिण्याची गरज नाही.

पुष्पलता

*

धंतोली, नागपूर
१२ सप्टेंबर १९४३

पुष्पलता,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी कागद घेऊन बसले. ती किती वेळ बसत असे ते मला आठवतं. दट्ट्यांची पेटी चाळीस मिनिटं, एकदा सत्तर. कुठल्या वारी हेही सांगता येईल. ती काय बोलली ते आठवत नाही. दोन दिवसांत माझ्या कागदावर चार शब्द आले. पाणी, नको, आई, टांगा. त्यातलं "टांगा" बहुधा दुसऱ्या कुठल्या मुलाचं असावं.

तिसऱ्या दिवशी मी पंचफुलाला विचारलं. ती मुलांच्या वाट्या घासत होती. हात न थांबवता तिने सांगायला सुरुवात केली आणि मी लिहायला. एका पानानंतर मी थांबले, कारण ती शब्द सांगत नव्हती. ती गोष्टी सांगत होती. दुपारी मुलं घरी गेली की टांगा येईपर्यंत गोपिका तिच्याजवळ पायरीवर बसत असे. मी आत हजेरीची वही लिहीत असे. तो पाऊण तास. तेवढ्यात त्या दोघी सगळं बोलत. खारीचं नाव त्यांनी ठेवलं होतं. घरमालकाचंही ठेवलं होतं, ते मी इथे लिहीत नाही. "माय कधी येते" हे गोपिका रोज विचारी आणि पंचफुला रोज सांगे की येते, वाटेत आहे. पोरीला ऐकू येत नाही हे पंचफुलाला ताप उतरल्यावर आठ दिवसांतच कळलं होतं. मग तिने पोरीचा हात आपल्या गळ्यावर ठेवायला सुरुवात केली. मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, कोनं सांगते? माझा बाप आंधळा होता, तो गायीच्या गळ्याले हात लावून सांगे का हे आता हंबरते.

मी विचारलं की तू मला हे पुन्हा का सांगितलं नाहीस. तेव्हा तिने वाटी खाली ठेवली.

"सांगितलं होतं जी. तुमी म्हणाल्या, शिस्त आहे."

 

मी उरलेलं लिहायला घेतलं. तीन दिवस लिहीत होते. तिला मधेच आठवे, की हा शब्द पोरगी असा म्हणत नाही, ओठ असे करते आणि शेवट गिळते. ते ओठ कागदावर कसे काढायचे? मी पस्तीस वर्षं मुलींना शुद्धलेखन घातलं. माझ्याजवळ त्यासाठी चिन्ह नाही. जे लिहिलं ते वाचून दाखवलं तर पंचफुला म्हणाली, असं नाही म्हणत ते. मी तीनदा खोडलं. शेवटी तिला विचारलं, मुंबईला जाशील का.

"काहून नाही जाणार? कागद बोलते का, बाई?"

तिच्यामागे कुणी नाही. उमरेडकडे एक भाऊ आहे, तो तिला दिवाळीतही बोलावत नाही. लुगडी दोन, वाकळ एक. ती मंगळवारच्या मेलने निघेल, बुधवारी पोचेल. तिने आगगाडी पाहिली आहे पण तीत बसलेली नाही. गार्डला चिठ्ठी देईन. तू उतरवून घ्यायला ये, ती गर्दीत घाबरणार नाही पण रस्ताही विचारणार नाही. सोमवारी तू ठाण्यात जाशील तेव्हा गोपिका तिच्याजवळ राहू शकेल. शाळेच्या बाईंना सांग की हिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून हिला बाहेर बसवू नका. वर्गात बसवा. त्यांनी हसून नाही म्हटलं तर माझं नाव सांगून काही उपयोग नाही, तेव्हा तूच सांग.

तिच्या बोलण्याची लाज वाटून घेऊ नकोस. गोपिका जे बोलते ते तिचंच आहे.

बालमंदिराचं काय करायचं ते तू पुढे ठरव. तोपर्यंत मी उघडं ठेवते. वाट्या मी घासेन.

पंचफुला गेल्यावर तिच्याकडून मला काही कळणार नाही, कारण ती पत्र लिहिणार नाही. तू लिहावंस असं मी म्हणत नाही. दिवाळी सत्तावीस ऑक्टोबरच्या सुमाराला आहे. तेव्हा किती शब्द राहिले हे मला कळलं नाही तरी चालेल. ते तिच्याजवळ राहिले म्हणजे झालं.

अरुंधती